दर एप्रिलला पार्किंगचं सीलकोटिंग सोलून निघतं? नवा हात मारायच्या आधी हे बघा

मार्चअखेरीस बर्फाचे शेवटचे मळकट ढीग वितळले की आमच्या प्लाझाच्या गटारीच्या जाळीपाशी काळे पापुद्रे जमायचे. काही नखाएवढे, काही चांगले तळहाताएवढे. तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात आमच्या भाडेकरूंपैकी दातांचे डॉक्टर असाच एक पापुद्रा टिश्यूपेपरात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले, पडलेला दात आणावा तसा. "ताई, हे तुमचंच ना?"

आमचंच होतं. न्यू जर्सीतल्या एका छोट्या शॉपिंग प्लाझाची व्यवस्था मी बघते. ६४ गाड्यांचं पार्किंग, साधारण २४,००० चौरस फूट डांबर. आधीच्या सहा वर्षांत तीनदा सीलकोटिंग झालेलं, म्हणजे डांबरावर वरून मारायचा पातळ काळा पदर. तिन्ही वेळा सुरुवातीला काळंभोर, डिसेंबरपर्यंत बरं, आणि पहिला हिवाळा सरला की जागोजाग टक्कल. दर वेळी काँट्रॅक्टर म्हणायचा, बर्फ ढकलणाऱ्या प्लाऊने खरवडलं, बर्फ वितळवायच्या मिठाने खाल्लं, वर एक हात मारू. आम्ही मारायचो.

चौथ्यांदा मारायच्या आधी एक साधा प्रश्न पडला, जो पहिल्यांदाच पडायला हवा होता. माल एकच, मारणारी माणसं तीच, दिवसही तोच. मग सगळीकडे न निघता ठरावीक चार ठिकाणीच का निघतो? प्लाऊ तर सगळीकडेच फिरतो. मालच वाईट असता तर सगळीकडून गेला असता. दर वर्षी त्याच जागी जातो, म्हणजे दुखणं त्या जागेचं आहे.

मोटेल, दवाखाना, मंदिर, दुकानांची रांग, असं काही सांभाळणाऱ्या मराठी मंडळींकडून हीच तक्रार इतक्यांदा ऐकली की सगळं एकदा लिहूनच काढते आहे.

सीलकोट कशासाठी असतो

आधी एक घोळ मिटवू. माझे बाबा पीडब्ल्यूडीत होते. खडीकरण, बीबीएम (डांबराने बांधलेली खडी), कार्पेट (वरचा पातळ डांबरी थर) आणि शेवटी सीलकोट, ही चळत मी लहानपणी जेवणाच्या पाटावर ऐकलेली. तिकडचा सीलकोट म्हणजे कार्पेटमधल्या फटी बुजवायला डांबर आणि बारीक खडी किंवा वाळू, वरून रोलर. तो रस्त्याचाच एक थर. इथे अमेरिकेत पार्किंगवर मारतात ते सीलकोटिंग वेगळं. थंड, पातळ, पाण्यात मिसळलेलं डांबर, त्यात माती आणि वाळू. पंपाने फवारतात नाहीतर रबरी स्क्वीजीने ओढतात. बाबा इथे आले होते तेव्हा हे काम बघून म्हणाले, "हा तर रंग झाला की गं." त्यांचं बरोबर होतं.

हिशेब करून बघा. आमच्या मालाच्या माहितीपत्रकावर एका हाताला दर ७० ते ८० चौरस फुटांना १ गॅलन लिहिलंय. म्हणजे ओला थर साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. त्यातलं पाणी उडून गेलं की दोन्ही हात मिळून जेमतेम तेवढीच जाडी उरते. एवढ्याशा पदरावर भार पेलायची जबाबदारी टाकता येत नाही, त्याने भेग सांधली जात नाही की खड्डा भरत नाही. त्याचं काम ऊन, हवा, पाणी आणि गाडीतून ठिबकणारं तेल यांना खालच्या डांबरापासून लांब ठेवायचं. ऊन आणि हवेने डांबर सुकत जातं, काळ्याचं राखाडी होतं, कडक होतं, मग तडकतं. ते लांबवायचं, बस.

पापुद्रा उलटा करून बघा

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांचा तो पापुद्रा टेबलावर आठवडाभर पडला होता, तेव्हा कळलं. वरची बाजू सगळ्या पापुद्र्यांची सारखीच दिसते. खरी माहिती खालच्या बाजूला असते.

खाली बारीक पिवळट-राखाडी धूळ चिकटलेली असेल तर माल मारायच्या आधी जागा नीट झाडली नव्हती. माल धुळीला चिकटला, डांबराला नाही. आमच्याकडे मे महिन्यात झाडांचा पिवळा परागकण सगळ्यावर बसतो, गाड्यांच्या काचांवर बोटाने नाव लिहिता येतं. सकाळी झाडून ठेवलेल्या जागेवर दुपारी माल मारला तर मधल्या वेळात तो पुन्हा बसलेला असतो.

खालची बाजू तुकतुकीत किंवा तेलकट असेल, तर खाली तेल होतं.

बारीक खडीचे दाणे चिकटून आले असतील तर सीलकोट निर्दोष आहे. त्याने डांबराला घट्ट पकडलं होतं, डांबरच वरून सुटायला लागलंय.

आणि पापुद्रा जाड, दोन्हीकडून काळा, कडेने बघितलं तर कांद्यासारखे पदर मोजता येणारा असेल, तर थरावर थर जास्त झालेत.

पाच-सहा ठिकाणचे पापुद्रे वेगवेगळ्या पिशव्यांत घाला आणि पिशवीवर जागा लिहा. पोलीसखात्यासारखं वाटेल, वाटू दे.

मग नकाशा. आमच्या प्लाझाचं उपग्रहावरून काढलेलं चित्र मोठ्या कागदावर छापून घेतलं आणि पाऊस थांबल्यावर तासाभराने खडू घेऊन फिरले. कुठे पाणी साचलंय, कुठे तेलाचे डाग, कुठे भेगा, कुठे दुपारपर्यंत सावली, कुठून सोलून निघालंय, प्रत्येकाला वेगळा रंग. पिझ्झावाल्याला वाटलं मी टाउनशिपकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, आले आहे, तो मागच्या दाराचं पिंप लगबगीने आत घ्यायला लागला. (त्या पिंपाकडे पुढे येतेच.) नकाशावर चार जागा डोळ्यांत भरल्या.

गवताच्या कडेची पट्टी

इमारतीच्या उत्तरेला गवताचा पट्टा आहे आणि त्याला लागून १४ गाड्यांची रांग. सगळ्यात जास्त इथूनच निघायचं. काँट्रॅक्टरचं म्हणणं, सावली आहे, ओल राहते, त्याला इलाज नाही.

नकाशावर रंगवताना दिसलं की सोललेल्या भागाची कड सरळ नाही. कमानी आहेत. एकीला लागून दुसरी, देवघराच्या महिरपीसारख्या. सावली अशी कमानी काढत नाही. प्लाऊचं पातं तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला थर्मासमध्ये चहा घेऊन मी गाडीत जाऊन बसले. ५ वाजून १० मिनिटांनी गवतातून फुस्स आवाज आला आणि फवारे वर आले. त्यातले तीन अर्धे गवतावर, अर्धे डांबरावर फिरत होते. बरोब्बर त्या कमानी. बागकामवाल्याने टायमर लावून ठेवलेला, दिवसाआड पहाटे वीस मिनिटं. आदल्या दुपारी मारलेल्या सीलकोटवर दुसऱ्या पहाटे हे पाणी पडलं असणार, एकदा नाही, तिन्ही वेळा. सकाळी माणसं येईपर्यंत फवारे बंद आणि वरचं पाणी वाळलेलं. कोणाला कळणार?

हा माल कोरडा होतो म्हणजे काय होतं ते समजून घ्या, म्हणजे बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. डांबराचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की थेंब एकमेकांना भिडतात, एकजीव होतात आणि मग ते पाण्यात पुन्हा विरघळत नाहीत. पण एकजीव व्हायच्या आत वरून पाणी पडलं तर थेंब पुन्हा सुटे होतात. वरून काळं दिसतं, आत पकड नसते. थंडीत तर थेंब एकमेकांना चिकटतच नाहीत. म्हणून तापमान किमान ५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १० सेल्सिअस, आणि वर जाणारं हवं, पुढचे २४ तास त्याच्या खाली जाता कामा नये आणि पाऊस नको. इथे दिवसाचं तापमान बघून लोक फसतात. ऑक्टोबरच्या मध्यात दुपारी ६५ असतं, पहाटे ४० आणि वर दव. आमचं आधीचं एक काम अगदी असंच, ऑक्टोबरात केलेलं. स्वस्तात तारीख मिळाली म्हणून मीच हो म्हटलं होतं.

आमच्या भागात मेअखेर ते सप्टेंबरचा मध्य, एवढाच काळ मी आता धरते. परागकण उतरलेला असतो, रात्री उबदार असतात.

या पट्टीसाठी केलं ते असं. फवारे आदल्या दिवशी बंद आणि नंतर दोन दिवस बंद. टायमरवर विसंबले नाही, पाण्याचा व्हॉल्व्हच फिरवला, कारण टायमरला हात लावणारी तीन माणसं आहेत. कलते फवारे गवताकडे वळवून घेतले, ते काम बागकामवाल्याने दहा मिनिटांत केलं. आणि काँट्रॅक्टरला सांगितलं की सावलीतली रांग सकाळी सगळ्यात आधी मारायची आणि सगळ्यात शेवटी उघडायची. त्यांची सवय उलटी असते. दर्शनी भाग आधी, मागचा कोपरा दिवस कलताना.

उघडायचं की नाही हे घड्याळावर ठरवू नका. अंगठा दाबून पिळा. काळं बोटाला आलं तर आणखी थांबायचं. बुटाची टाच गोल फिरवून बघा. चट्टा उमटला तर गाड्यांचं चाक त्याच्या दसपट उमटवील.

किराणा दुकानासमोरच्या आठ जागा

या जागा कधी रिकाम्या नसतात. दहा मिनिटांत एक गाडी जाते, दुसरी येते, गरम इंजिन, थेंब थेंब तेल. पापुद्रे खालून तुकतुकीत. हे निदान सोपं होतं. उपाय मात्र प्रत्येक डागाला वेगळा.

स्क्रूड्रायव्हर घ्या आणि डागात दाबा. टोक टणक लागलं तर तेल वरवरचं आहे. खरवडा, डिटर्जंटने ब्रशने घासा, धुवा, पूर्ण वाळू द्या, मग तेलाच्या डागांसाठीचा वेगळा प्रायमर मिळतो तो लावा, आणि मगच सीलकोट. स्क्रूड्रायव्हर लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर तेलाने डांबर आतून मऊ केलंय. डांबर आणि इंजिन ऑइल दोन्ही शेवटी एकाच पेट्रोलियमचे भाऊबंद, एक दुसऱ्याला विरघळवतं. तिथे प्रायमर म्हणजे फुटक्या भांड्याला कल्हई. तेवढा चौकोन कापून नवं डांबर भरायचं. आमच्या आठांपैकी दोन जागा तशा निघाल्या.

इथे जुने लोक सांगतात, "पूर्वीचा माल पेट्रोलला दाद द्यायचा नाही." खरं आहे. पूर्वी पूर्वेकडच्या राज्यांत दगडी कोळशाच्या टारचा सीलकोट सर्रास वापरायचे आणि तो तेल-पेट्रोलला जास्त टिकतो. पण त्यात पीएएच नावाची कर्करोगाशी जोडलेली रसायनं असतात, डांबराच्या मालाच्या साधारण हजारपट, असं अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या अभ्यासात दिसलं. पावसाबरोबर ती ओढ्यात आणि बुटांबरोबर घरात जातात. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने २००६ मध्ये त्यावर बंदी घातली, वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये, मिनेसोटाने त्यानंतर. तुमच्या राज्याचा आणि गावाचा नियम बघा, आणि नियमाची परवानगी असली तरी मी तो घेणार नाही. आमच्या प्लाझात कराटेचा क्लास आहे. पोरं अनवाणी गाडीतून उतरतात.

कचरापेटीमागचा कोपरा

इथे भेगा एकमेकींना छेदून मगरीच्या कातडीसारख्या झालेल्या. इंग्रजीतही त्यांना मगरीवरूनच नाव आहे. दर खेपेला काँट्रॅक्टर त्या भरून वर सीलकोट मारायचा आणि भेगांच्या लांबीवर पैसे लावायचा. ही लांबी मोजायला बसलात तर एका चटईएवढ्या जागेत किती फूट निघतील विचार करा.

पाऊस थांबल्यावर तिथे टाच आपटून बघा. भेगांतून मातकट पाणी वर आलं तर खालचा खडीचा थर पाण्याने भरलाय आणि त्यातली माती वर पंप होतेय. आठवड्यातून दोनदा कचऱ्याचा ट्रक येतो, पुढचे काटे पेटीत घालतो, उचलतो, आणि बराचसा भार पुढच्या चाकांवर येतो. हा दोष पायाचा. वरून काहीही मारा, पुढच्या मार्चला तिथेच. शिवाय पिझ्झावाल्याच्या पिंपातलं तळणाचं तेल तिथे सांडत होतं ते वेगळंच.

डांबर आणि खालची खडी उकरून काढली, नवा पाया दाबून घातला आणि कचऱ्याचा ट्रक जिथे उभा राहतो तिथपर्यंत काँक्रीटचा ओटा केला. काँक्रीटवर तेलाने डाग पडतो, पण काँक्रीट मऊ होत नाही. त्या वर्षी सीलकोटिंगचे पैसे या ओट्यात गेले आणि पार्किंग राखाडीच राहिलं. मालकांपैकी एकांनी नाराजी दाखवली. मी त्यांना टाच आपटायला लावली.

कोपऱ्यातल्या रिकाम्या जागा

हे सगळ्यात अनपेक्षित. पलीकडच्या कोपऱ्यात कोणी गाडी लावत नाही, तिथे ना तेल, ना ट्रक, ना फवारे. तरी मोठाले पापुद्रे, कडा वर वळलेले, वाळलेल्या चिखलासारखे. खाली पदरावर पदर.

गाड्या फिरतात तिथे सीलकोट झिजतो आणि झिजायलाच हवा. कोपऱ्यात तो झिजत नाही, आणि आम्ही दर दोन वर्षांनी वर नवा हात देत गेलो. थर जाड झाला की तो खालच्या डांबराबरोबर ताणला-आखडला जात नाही, बारीक तडकतो, त्या तड्यांत पाणी शिरतं, आणि गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं. एका हिवाळ्यात ते कितीदा गोठतं आणि वितळतं ते न्यू जर्सीवाल्यांना सांगायला नको.

तपासायला भक्कम चिकटपट्टी, ज्याला इथे डक्ट टेप म्हणतात, दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. काळे तुकडे चिकटून आले तर त्यावर नवा हात मारणं म्हणजे सुटणाऱ्या पोपड्यावर रंग देणं. सुटं आहे ते खरवडून, जोराच्या पाण्याने धुऊन काढा आणि तिथे या वेळी काहीच मारू नका. गेल्या खेपेला आम्ही फक्त ये-जा होते त्या मार्गिका आणि दुकानांसमोरच्या रांगा केल्या. कोपरा तसाच सोडला. रंग थोडा वेगळा दिसतो. दिसू दे.

किती वर्षांनी मारायचं याला दोन ते चार वर्षं असं ढोबळ उत्तर आहे, पण खरं उत्तर जमिनीवर मिळतं. बाटलीतलं पाणी ओता. थेंब वर बसून घरंगळले तर थांबा. लगेच शोषून डाग पडला, खडीचे दाणे उघडे दिसायला लागले, तर वेळ झाली. आणि नवं डांबर घातलं असेल तर निदान काही महिने, शक्यतो एक उन्हाळा जाऊ द्या. ताज्या डांबरातली तेलं उडून जायच्या आत वर झाकण घातलं तर ते मऊच राहतं.

जे दुखणं नाहीच

पहिल्या काही आठवड्यांत जागच्या जागी स्टिअरिंग फिरवलं की काळे अर्धगोल उमटतात. ते घासलेले डाग आहेत, सोललेले नाहीत. उन्हाळ्यात बसून जातात.

भेगांत गरम ओतलेला रबरी मसाला सीलकोटमधून रेघेसारखा दिसतो आणि त्यावरचा सीलकोट तडकतोसुद्धा. रबर ताणलं जातं, वरचा पदर जात नाही. भेग बुजलेली आहे ना, तेवढं बघा. पाव इंचापेक्षा रुंद भेगा सीलकोटच्या आधी भरल्याच पाहिजेत, हा पैसा मी सीलकोटच्याही आधी मोजते. मात्र भेग भरण्यापूर्वी हवेने फुंकून साफ केली का, ते उभं राहून बघा. गवत उगवलेल्या भेगेत गवतासकट मसाला ओतणारे लोक मी पाहिलेत.

काँट्रॅक्टरशी बोलताना

तीनदा काम केलेल्यांना आम्ही बदललं, पण दोष सगळा त्यांचा नव्हता. फवारे आमचे, ऑक्टोबरची तारीख माझी, कोपऱ्यावरचा हट्टही आमचाच. त्यांचा एकच दोष पक्का होता, पाणी.

माल घट्ट येतो, फवारायला त्यात थोडं पाणी घालावंच लागतं. थोडं किती, ते माहितीपत्रकावर असतं. हिशेब सोपा आहे. आमचे २४,००० चौरस फूट भागिले ७५, म्हणजे एका हाताला ३२० गॅलन तयार माल, दोन हातांना ६४०. ट्रकवर ३०० गॅलनची टाकी घेऊन कोणी आलं, पुन्हा भरून आणली नाही, आणि दोन्ही हात झाले म्हणालं, तर काय मारलं ते तुम्हीच समजा. मी आता कोटेशनवरच लिहून घेते: किती गॅलन, पाणी किती, प्रत्येक गॅलनला वाळू किती पौंड, हात किती, कमीत कमी तापमान किती, आणि झाडण्या-धुण्याचं काम कोणाचं. वाळू विसरू नका. तिच्याशिवाय ओल्यात पाय घसरतो आणि थर लवकर झिजतो. टाकीत ढवळणी चालू आहे का ते एकदा वाकून बघा, नाहीतर वाळू तळाशी बसते, पहिल्या रांगेला नुसतं काळं पाणी आणि शेवटच्या रांगेला चिखल.

मी टाकीचं माप बघायला मागितलं तेव्हा नव्या काँट्रॅक्टरचा मुकादम हसला. म्हणाला, "वीस वर्षांत दुसऱ्यांदा कोणीतरी विचारलं." पहिलं कोण होतं? एक निवृत्त इंजिनिअर. मला बाबांची आठवण आली.

एक गोष्ट इथल्या कायद्याची. सीलकोटने जुने पट्टे झाकले की नवे मारताना अपंगांसाठीच्या जागा एडीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याच्या, मापाने करणं बंधनकारक आहे. जुन्या खुणांवरून रंग फिरवून सुटका नाही. ५१ ते ७५ जागांच्या पार्किंगला अशा किमान ३ जागा लागतात, त्यातली निदान १ व्हॅनसाठी. आमच्याकडे वर्षानुवर्षं दोनच होत्या आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या जागांचा उतार कुठल्याही दिशेला ४८ फुटांत १ फुटापेक्षा जास्त चालत नाही, आणि पाटीची खालची कड जमिनीपासून किमान ६० इंच हवी. उतार जास्त निघाला तर तो सीलकोटने सुधारत नाही, म्हणून पट्टे मारणाऱ्याला बोलवायच्या आधीच मोजून ठेवा.

दुकानदारांना निदान दहा दिवस आधी कळवा आणि पार्किंग दोन भागांत करा. आम्ही रविवार-सोमवार घेतले, कारण डॉक्टर सोमवारी बंद असतात. किराणावाल्यांनी तरी फोन केलाच, "बेन, दूधवाली गाडी किधर लगेगी?" दोन्ही टोकांना दोरी आणि शंकू लावा, पिवळी पट्टी लावा, तरी एक गाडी त्यातून जाईलच. आमच्या नव्या कामावर एका कोपऱ्यात टायरची नक्षी कायमची उमटलेली आहे.

नवं काम दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये झालं. दोन हिवाळे गेले. गवताकडच्या कमानी गेल्या, किराणा दुकानासमोर एका जागी तेवढं निघालंय. या एप्रिलात डॉक्टर परत टिश्यूपेपर घेऊन आले. या वेळी मी तो लगेच उलटा केला. खालच्या बाजूला खडीचे दाणे. "कुठे सापडला?" त्यांच्या दारासमोर, जिथे पावसानंतर परातीएवढं डबकं साचतं आणि दोन दिवस हटत नाही. तिथलं डांबर सुटायला लागलंय, त्याला सीलकोट नको. तेवढा भाग कापून उतार देऊन नव्याने भरायचा. खडूने चौकोन आखलाय आणि दोन कोटेशनं मागवलीत.